थरथर

विहिरीवरची मोटर सुरू केली की कास्तकार आधी पाइपावर हात ठेवतो. पाणी वावराच्या दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ असतो. पण तळहाताला ती बारीक थरथर लागली की कळतं, पाणी निघालं. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला बोटं टेकवली की तशीच थरथर लागते. नाडीची टकटक वेगळी, ती थांबून थांबून येते. ही सलग असते. कान लावला तर लोहाराच्या भात्यासारखा आवाजही येतो, चढता-उतरता, पण मध्ये न तुटणारा. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, म्हणजे फिस्टुला, चालू असल्याची खूण हीच. ती पाहायला मशीन लागत नाही, लाइट लागत नाही. सकाळी तोंड धुताना एकदा आणि रात्री निजताना एकदा बोटं टेकवली की झालं.

ही थरथर एखाद्या दिवशी बंद पडते. कधी एका रात्रीत, कधी महिनाभर मंदावत मंदावत. घरचे म्हणतात, "हाताले झटका बसला असन," नाहीतर, "त्या पोरानं सुई नीट टोचली नाही." बहुतेक वेळा दोष सुईचा नसतो. शिरेच्या भिंतीतल्या पेशींना कित्येक आठवडे एकच निरोप मिळत असतो, इथे जखम आहे, बुजवा. आणि त्यांनी ती इमानाने बुजवलेली असते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा, दर्यापूर या भागात, किडनीचं दुखणं आता पारावर बोलण्याचा विषय झालं आहे. पूर्व विदर्भात त्याला सिकलसेलची जोड मिळते. बाकी मधुमेह, रक्तदाब, मुतखडा आणि सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या सगळीकडेच आहेत. किडनीचं नुकसान कशानेही सुरू होवो, शेवटचा रस्ता एकच असतो. काम करणारी ऊती जाते आणि तिच्या जागी तंतू भरतात. मग डायलिसिस लागतं, डायलिसिसला फिस्टुला लागतो, आणि तो फिस्टुलाही तंतूंनीच बुजतो. एकाच माणसाच्या अंगात एकच गोष्ट दोनदा घडते, आणि दोन्हीकडे तीच निरोपवाहक प्रथिने असतात, ज्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. किडनीतलं हे काम डोळ्यांना दिसत नाही. मनगटातलं मात्र बोटाला लागतं, म्हणून आधी मनगटाकडे पाहू.

डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त हवं असतं, सलग चार तास. हातावर दिसणाऱ्या शिरेत एवढा जोर नसतो. धमनीत असतो, पण ती खोल असते आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिला टोचणं धोक्याचं. यावरचा उपाय न्यूयॉर्कमध्ये सापडला. ब्रेशिया, सिमिनो, अपेल आणि हरविच या चौघांनी १९६६ साली तो प्रसिद्ध केला. मनगटाजवळची रेडियल धमनी आणि शेजारची सेफॅलिक शीर, दोघींना तीन ते पाच मिलिमीटरची चीर द्यायची आणि तोंडाला तोंड शिवायचं. आता बहुधा शिरेचं टोक कापून धमनीच्या कुशीला जोडतात, पण युक्ती तीच. धागा केसाएवढा. एरवी त्या धमनीतून मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जातं. टाका पडून क्लॅम्प सुटला की त्याच दिवशी दोनशे-तीनशेपर्यंत जातं, आणि सगळं नीट झालं तर काही आठवड्यांत सहाशेच्या वर. त्यावरून सहाचा नियम आला आहे. सहा आठवड्यांनी तपासलं तर प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर, शिरेचा व्यास सहा मिलिमीटर, आणि ती कातडीपासून सहा मिलिमीटरपेक्षा खोल नको.

आता त्या शिरेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शीर म्हणजे उताराने संथ वाहणारा पाट. आत दाब पाच-दहा मिलिमीटर पाऱ्याचा. तिची भिंत तीन थरांची. सगळ्यात आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम. मध्ये स्नायूपेशींचे मोजके थर. बाहेर तंतुपेशींची सैल गुंडाळी आणि भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या. शस्त्रक्रियेत शीर मोकळी करताना या बारीक वाहिन्या तुटतात, त्यामुळे भिंतीला प्राणवायू कमी पडतो. टाक्याच्या रेषेवर अस्तर खरवडलं जातं. आणि मग एका क्षणात पाटात धमनीचा लोंढा सोडला जातो. शिरेच्या दृष्टीने ही जखम आहे. ती तसंच वागते.

पहिल्या मिनिटांत टाक्यावर प्लेटलेट चिकटतात. त्यांच्या पोटातल्या पुरचुंड्या फुटतात आणि दोन निरोप सुटतात, पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा. पहिल्याचं नावच मुळी प्लेटलेटवरून पडलं. १९७४ साली रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोठलेल्या रक्ताच्या पाण्यात धमनीतल्या स्नायूपेशी झपाट्याने वाढतात. मात्र प्लेटलेट वेगळे काढून उरलेल्या पाण्यात त्या जवळपास तशाच बसून राहतात. पीडीजीएफ दोन साखळ्यांचा जोड असतो. स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरच्या दोन ग्राहकांना, म्हणजे निरोप घेणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांना, तो जवळ ओढतो, ते एकमेकांवर फॉस्फेटचा टिळा लावतात, आणि निरोप आत जातो. मग पेशी आपलं आकुंचनाचं काम सोडते, आजूबाजूची जाळी कुरतडते, मधल्या थरातून आतल्या बाजूला सरकते आणि तिथे विभागू लागते. बाहेरच्या थरातल्या तंतुपेशीही याच वाटेने येतात. पहिल्या आठवड्यातली गर्दी मुख्यतः यांची.

पण गर्दी आली तशी जाऊ शकते. पेशी मरतात, हटतात. जे जात नाही ते कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट तंतू, आणि ते टीजीएफ-बीटाचं काम. हा रेणू १९८० च्या दशकात अमेरिकेत बेथेस्डा इथे अनिता रॉबर्ट्स आणि मायकल स्पोर्न यांच्या प्रयोगशाळेत वेगळा केला गेला. १९८६ साली त्यांनी तो नवजात उंदरांच्या कातडीखाली टोचला, तर दोन-तीन दिवसांत तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन असलेली, भरत्या जखमेत दिसते तशी ऊती तयार झाली. जखम नव्हती, नुसता निरोप होता. तंतुमयतेबद्दल कुणाला एकच प्रयोग सांगायचा असेल तर मी हा सांगेन.

आता जरा थांबून या रेणूची राहणी पाहायला हवी, कारण सगळं मर्म तिथे आहे. पेशी टीजीएफ-बीटा तयार करते तेव्हा तो मोकळा नसतो. त्याच्याभोवती त्याच्याच मूळ साखळीचा एक भाग मुठीसारखा आवळलेला असतो. ही मूठ आणखी एका लांब प्रथिनाने भोवतालच्या जाळ्याला बांधलेली असते. म्हणजे निरोप लिहून, पाकिटात घालून, पाकीट भिंतीला ठोकून ठेवलेलं. निरोगी शिरेच्या भिंतीतही अशी पाकिटं असतात, आणि ती मुकाट पडून राहतात. ती उघडण्याचे काही रस्ते आहेत. प्लाझ्मिनसारखं कात्री-प्रथिन मूठ कापू शकतं. सुजेत तयार होणारे ऑक्सिजनचे उग्र अंशही तिला मोडतात. आणि तिसरा रस्ता ओढण्याचा. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन नावाचे हात त्या मुठीला पकडतात, पेशी आतून आपली दोरी आवळते, आणि मूठ ताणून सुटते.

गोठ्यातला खुंट आठवा. पावसाळ्यात ओल्या मातीत ठोकलेल्या खुंटाला बैलाने हिसका दिला तर खुंट कलतो, दाव्यावर ताण येतच नाही. तोच खुंट एप्रिलमध्ये, काळी माती दगडासारखी झाल्यावर, हलत नाही. हिसका बसतो तो सगळा दाव्यावर, आणि दावं तुटतं. पाकिटाचंही तेच आहे. भोवतालची ऊती मऊ असेल तर पेशी कितीही ओढो, सगळं जाळंच तिच्यासोबत सरकतं, मूठ सुटत नाही. ऊती कडक झाली की तेवढ्याच ओढीने निरोप मोकळा होतो. मोकळा झाला की कोलॅजन वाढतं, कोलॅजनने ऊती आणखी कडक होते, आणि पुढचं पाकीट अजून सहज उघडतं. तंतुमयता सुरू व्हायला जखम लागते. पुढे ती आपल्याच कडकपणावर चालते. रोग सुरू करणारं कारण दूर केल्यावरही पुष्कळदा ती थांबत का नाही, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

मोकळा झालेला टीजीएफ-बीटा काय करतो? पेशीवर त्याचे दोन प्रकारचे ग्राहक असतात. तो आधी दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाला चिकटतो, तो पहिल्या प्रकारच्याला, अल्क-५ ला, जवळ घेऊन त्यावर फॉस्फेट लावतो. अल्क-५ आतल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर लावतो. ती स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि जनुकांवर बसतात. मग कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन तयार होतं. अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन तयार होतं, ज्याच्या दोऱ्या पेशीला आकुंचनाची ताकद देतात. अशा पेशीला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेत त्या असतात हे जिनिव्हाच्या जुलिओ गाब्बियानी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. शिवाय पीएआय-१ तयार होतं, जे गुठळी विरघळवणाऱ्याला अडवतं, आणि टिंप तयार होतात, जे कोलॅजन कापणाऱ्यांना अडवतात. एका निरोपात इतके हुकूम: भिंत बांधा, आवळून धरा, आणि पाडायला येईल त्याचे हात बांधा. त्याच हुकमात स्मॅड-७ हा ब्रेकही तयार होतो, हेही सांगायला हवं. बरी होणारी जखम ब्रेकमुळे थांबते. चिवट तंतुमयतेत तो ब्रेक पेशीच्या आत मोडून टाकला जातो.

अस्तरातल्या पेशींचं काय होतं, यावर बराच वाद झाला. टीजीएफ-बीटा दीर्घकाळ मिळाला की त्या आपसातले हात सोडतात, स्नेल-स्लगसारखी प्रथिने जागी होतात, आणि अस्तराची पेशी तंतुपेशीसारखी दिसू-वागू लागते. गर्भात हृदयाच्या झडपा अशाच घडतात, म्हणजे हा मार्ग शरीराने रोगासाठी शोधलेला नाही. २००७ साली उंदरांच्या हृदयात तंतुपेशींचा मोठा वाटा अस्तरातून येतो असं प्रसिद्ध झालं. पुढे पेशींच्या वंशावळीचा अधिक काटेकोर माग काढल्यावर बहुतेक तंतुपेशी तिथल्याच मूळ तंतुपेशींच्या लेकी निघाल्या. मला यातली टक्केवारी फार मोलाची वाटत नाही. अस्तराची पेशी पूर्ण बदलो वा अर्धवट, ती आपलं अस्तराचं काम सोडते, हे जास्त महत्त्वाचं. ती नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही. तो वायू खालच्या स्नायूपेशींना शांत ठेवत असतो. राखणदार उठून गेल्यावर वावरात कुणीही शिरतं.

या राखणदारालाही एक निरोप जागेवर ठेवत असतो, हे मला या सगळ्यातलं फार सुंदर वाटतं. तोही ग्रोथ फॅक्टरच, एफजीएफ. तो मिळत असेपर्यंत अस्तराच्या पेशीत लेट-७ नावाचे बारीक आरएनए भरपूर राहतात आणि ते टीजीएफ-बीटाचे ग्राहक बनूच देत नाहीत. सुजेने एफजीएफचा निरोप तुटला की लेट-७ घटतात, ग्राहक उगवतात, आणि आजवर बहिरी असलेली पेशी अचानक ऐकू लागते. म्हणून ग्रोथ फॅक्टर वाईट असं म्हणता येत नाही. फिस्टुलाच्या शिरेला जाड व्हायलाच हवं, नाहीतर ती सुईला आणि दाबाला टिकणार नाही. जाडी किती आणि कोणत्या दिशेला, इथेच जमतं नाहीतर फसतं. व्यास आधी वाढून भिंत मागोमाग जाड झाली तर फिस्टुला तयार होतो. मधला थर आधीच कोलॅजनने कडक झाला, तर शीर फुगूच शकत नाही आणि वाढ आतल्या बाजूला येते.

दिशा ठरवतो प्रवाह. सरळ, जोरकस धार अस्तराच्या पेशींना एका दिशेने झोपवते, आणि तशा पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून शीर रुंद करतात. जोडाच्या पुढे मात्र, पहिल्या दोन ते चार सेंटिमीटरमध्ये, जिथे शीर वळवून आणलेली असते, तिथे धार भिंतीला आपटते आणि मागे वळते. पुराचं पाणी नाल्याच्या वळणावर भोवरा घेतं आणि तिथेच गाळ बसतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. फरक एवढाच की इथे गाळ पाण्यातून बसत नाही, काठच आत वाढत येतो. भोवऱ्याखालच्या पेशींना धारेची दिशा कळत नाही. त्या सुजेच्या बाजूला झुकतात, पीडीजीएफ आणि शीर आवळणारं एंडोथेलिन सोडतात, टीजीएफ-बीटाला कान देतात. मनगटावरचे फिस्टुला बहुधा याच जागी अरुंद होतात.

रक्त पातळ करून हे टळतं का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत क्लोपिडोग्रेलने सुरुवातीच्या गुठळ्या कमी झाल्या. पण डायलिसिसला वापरता येतील असे फिस्टुला वाढले नाहीत. दोन्ही गटांत दहापैकी सुमारे सहा निकामीच राहिले. गुठळी शेवटी येते. भिंत त्याच्या आधीच आत आलेली असते.

म्हणून बोट महत्त्वाचं. थरथर सलग असते तोवर ठीक. ती जाऊन त्या जागी नुसती ठोके देणारी टणक नाडी लागू लागली, तर पुढे कुठेतरी वाट अरुंद झाली आहे. आवाज भात्यासारखा न राहता शिट्टीसारखा बारीक आणि तुटक झाला, तर तेच. डायलिसिस सेंटरवर चांगला टेक्निशियन सुई लावण्याआधी म्हणतो, "काकाजी, हात वर करा बरं." हात डोक्याच्या वर नेला की फुगलेली शीर मऊ पडायला हवी. एका जागेपर्यंत ती टम्म राहिली आणि पुढे पडली, तर अडथळा त्या जागेवर. उलट तपासणीही आहे. शीर वरच्या बाजूला बोटाने दाबून बंद केली की खालची नाडी जोरात लागायला हवी. ती मेंगळटच राहिली तर दोष जोडाकडून येणाऱ्या रक्तात आहे. दोन्ही मिळून एक मिनिट लागतं. सुई काढल्यावर रक्त थांबायला वीस मिनिटांच्या वर लागायला लागणं आणि मशीनवर परतीचा दाब दर वेळी थोडा थोडा चढत जाणं, याही त्याच रोगाच्या खुणा. एकदा घडलं तर सोडून द्या. डायलिसिसच्या तीन पाळ्यांना सलग घडलं तर डॉपलर सोनोग्राफी करून घ्या, गुठळी होण्याची वाट पाहू नका.

अरुंद जागा फुग्याने उघडता येते. तारेवरून फुगा नेऊन वीस वातावरणांच्या आसपास, कधी त्याहून जास्त दाबाने फुगवतात, कारण शिरेतला हा व्रण धमनीतल्या चरबीपेक्षा चिवट असतो. वाट उघडते, थरथर परत येते. पण फुग्याने भिंत फाडलेली असते. पुन्हा प्लेटलेट, पुन्हा पीडीजीएफ, पुन्हा पाकिटं. म्हणून सहा महिने-वर्षात तीच जागा पुन्हा अरुंद होणं नेहमीचं. पॅक्लिटॅक्सेल लावलेले फुगे आले, जे पेशींचं विभाजन अडवतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी ती जागा उघडी राहण्याचं प्रमाण साध्या फुग्याच्या ५९.५ टक्क्यांवरून ८२.२ टक्क्यांवर गेलं. तो फुगा महाग असतो, आणि तालुक्याच्या गावी मिळत नाही.

तालुक्याच्या गावी जे करता येतं ते शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीचं आहे, आणि तेच होत नाही याचं मला फार वाईट वाटतं. "अशक्तपणा आला, सलाईन लावून द्या." हे वाक्य आपल्याकडे ताप, थकवा, उपास, ऊन, सगळ्याला चालतं. बाटली लागते ती बहुधा कोपराच्या खाली, अंगठ्याच्या बाजूच्या ठळक शिरेत, कारण ती पटकन सापडते. तीच सेफॅलिक शीर, जिचा पुढे फिस्टुला व्हायचा असतो. दरवेळी सुईने अस्तर खरवडतं, औषधाने भाजतं, शीर लालसर होऊन दुखते, आणि महिनाभराने तिच्या जागी कातडीखाली सुतळीसारखी दोरी लागते. ती दोरी म्हणजे याच लेखातली सगळी गोष्ट, शस्त्रक्रियेच्या आधीच घडून गेलेली. वर त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, जे आजारी किडनीला बाहेर टाकायचं असतं.

ज्याच्या किडनीचं काम कमी झालं आहे, जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा, तीसच्या खाली आला आहे, त्याने कमी वापराचा हात, म्हणजे बहुतेकांचा डावा, मनगटापासून खांद्यापर्यंत राखून ठेवावा. रक्त काढायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूने, सलाईन लावावंच लागलं तर तिथेच. हे डॉक्टर सांगत नसतील तर आपण सांगायचं. "सिस्टर, ह्या हाताले सुई नका लावू, किडनीचा पेशंट हाय," एवढं म्हणायला संकोच वाटू देऊ नका. आणि फिस्टुला डायलिसिस लागण्याच्या काही महिने आधी करून घ्यावा. नाहीतर मानेतल्या नळीवर सुरुवात होते, आणि नळी जिथे मोठ्या शिरेच्या भिंतीला घासते तिथेही हाच व्रण तयार होतो. मग त्या बाजूच्या हाताचं रक्त छातीशीच अडतं.

फिस्टुला झालेल्या हातावर बीपीचा पट्टा बांधू नये हे आता बहुतेकांना माहीत आहे. बांगड्यांचं माहीत नसतं. घट्ट चुडा, घड्याळ, मंदिरात बांधलेला दोरा, राखी, हे सगळं नेमकं मनगटावर येतं. राखी दुसऱ्या हाताला बांधा. बहिणीला सांगितलं तर ती नाराज होत नाही. पाण्याची बादली कोपरात अडकवून नेऊ नका. कापूस वेचताना वाळल्या बोंडांची टोकं ओरखडे काढतात, म्हणून सैल, लांब बाहीचा शर्ट घाला. सुई टोचलेल्या जागेवरचा ओरखडा पिकला तर शीरच जाते. सुई काढल्यावर दोन बोटांनी दहा मिनिटं दाबायचं, पण इतकंच की दाबाच्या वर आणि खाली थरथर लागत राहील. आणि टेक्निशियनला सोपी पडते म्हणून दर वेळी त्याच दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये सुई लावू देऊ नये. तिथली भिंत पातळ होऊन फुगते आणि त्या फुगवट्याच्या पुढे-मागे वाट अरुंद होते. शिडीच्या पायऱ्यांसारखी जागा सरकवत न्यायची, जोडापासून किमान तीन सेंटिमीटर सोडून.

आतमध्ये किडनीत काय झालं होतं, ते राहिलं. तिथल्या केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. केशवाहिनीचं अस्तर त्यांना पीडीजीएफच्याच निरोपाने जवळ ठेवतं. इजा झाली की हा संवाद बिघडतो, पेरिसाइट सुटून बाहेर पडतात आणि टीजीएफ-बीटाच्या हुकमाने कोलॅजन विणू लागतात. उंदरांच्या किडनीत त्यांचा हा प्रवास २०१० मध्ये टप्प्याटप्प्याने दाखवला गेला. आधार गेलेली केशवाहिनी मिटते, आजूबाजूला प्राणवायू कमी पडतो, आणि त्याने आणखी निरोप सुटतात. रक्तदाब चढवणारा अँजिओटेन्सिन हा हार्मोन या वणव्यातला एक वारा. लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या तो अडवतात. म्हणून लघवीत प्रथिने जाणाऱ्याला बीपी नॉर्मल असतानाही ती गोळी दिलेली असते, आणि "बीपी तर बरोबर आलं" म्हणून ती आपल्या मनाने बंद करणं म्हणजे वाऱ्यासमोरचा आडोसा काढणं. थेट टीजीएफ-बीटालाच अडवण्याचे प्रयत्न झाले आहेत. मधुमेहाच्या किडनीविकारात त्याच्याविरुद्धचं अँटिबॉडी-औषध वापरून पाहिलं, फायदा दिसेना म्हणून चाचणी थांबवावी लागली. आणि तो मुळीच नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत अंगभर सुजेने मरतात. जो निरोप जखम बुजवतो तोच सूज आवरतोही.

उन्हाळ्यात एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तहान आवरत नाही, दोन पाळ्यांमध्ये अंगात तीन-चार किलो पाणी साठतं, आणि मशीनवर ते सगळं चार तासांत ओढावं लागतं. बीपी पडतं. फिस्टुलाची वाट मोकळी असेल तर तो हे सोसतो. आधीच निम्मी अरुंद झालेली असेल तर त्याच रात्री मंदावलेलं रक्त तिथे गोठतं.

थरथर लागेना तर आधी जागा बदलून, कोपराकडे सरकत, कान लावून पाहा. तरीही काही नसेल तर हात चोळू नका, पुढच्या पाळीची वाट पाहू नका. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गुठळी काढली तर पुष्कळ फिस्टुला वाचवता येतात. त्यानंतर गुठळी भिंतीला धरते. रात्र असली तरी सेंटरला फोन लावा, आणि पहाटेच्या पहिल्या यष्टीने निघा. सोबत एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: शस्त्रक्रियेची तारीख, शेवटच्या डायलिसिसची तारीख आणि वजन, आणि थरथर शेवटची नक्की कधी लागली होती ती वेळ.